कयाकच्या ट्रेलरवरच्या बैठकीला हात लावणाऱ्या सगळ्यांचे आभार

शिडाची कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी, मार्वेच्या किनाऱ्यावर न्यायची म्हणून ट्रेलरवर ती टेकवायचे आधार घरीच केले. घरीच म्हणजे काय, निम्मी मुंबई राबली! दारूखाना या भंगारबाजारातल्या चाचांनी लोखंडी चॅनल (पन्हळीसारखी पट्टी) वजनावर दिलं, कापणावळ घेतलीच नाही. सुतारकाकांनी पुठ्ठ्यावर होडीच्या बुडाचा बाकदार आकार उतरवून मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) तसंच कापलं, वर जुनी सतरंजी ताणून बसवली. खिळे सगळे बाजूने, बुडाला एकही लागणार नाही असे.

प्लॅस्टिकचं बूड उन्हात मऊ पडतं, अरुंद आधारावर खळगा पडतो. ‘आधार रुंद ठेव, पट्टे बेताने आवळ,’ असं बजावणाऱ्या कोळीवाड्यातल्या आजोबांना खास नमस्कार. आणि ट्रेलरच्या मागे बाहेर आलेल्या डोलकाठीला खूण म्हणून बांधायला स्वतःचा लाल रुमाल देणारे रिक्षावाले दादा, रुमाल धुऊन ठेवलाय, घेऊन जा.