गच्चीवरची सामाईक डिश काढू नका, तिची वायर बदला

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय : वॉटरप्रूफिंगचं काम सुरू होण्याआधी सामाईक डिशच्या वायरिंगचा निर्णय घेण्याबाबत

स.न.वि.वि.

गच्चीवरचं निरुपयोगी सामान हलवण्याची नोटीस आपण लिफ्टशेजारी लावली आहे. त्या यादीत जुने अँटेना आणि गंजलेले पाइप यांच्याबरोबर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, सामाईक छत्रीही (डिश) आहे. कारण दिलंय : ‘प्रक्षेपण मिळत नाही’. अँटेना जरूर काढा, त्यांचं काम संपलं आहे. पण छत्रीबद्दलचं ते वाक्य बरोबर नाही. प्रक्षेपण मिळतं आहे. ते गच्चीपर्यंत उत्तम पोहोचतं आणि आपल्याच जिन्यात हरवतं.

आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी कोथरूडमधले सगळे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचे. गडावरच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन यायचं. प्रसार भारतीने देशभरातले असे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरवलं. सीमेवरचे आणि तशाच मोक्याच्या जागांचे मोजके तेवढे ठेवले. त्याच्या जागी जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण, म्हणजे डीव्हीबी-टी२, पुण्यात येईल असं काही जण अजून धरून आहेत. २०१६ मध्ये ही सेवा १६ शहरांत सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद ही दोनच नावं होती, पुणे नव्हतं. त्यामुळे कुणी ‘डिजिटल अँटेना’ विकायला आला तर कृपया घेऊ नका. मासिक भाडं न देता सह्याद्री बघायची असेल तर आपल्याला फ्री डिश हाच रस्ता आहे.

तेव्हाच्या समितीने छत्री बसवली हे योग्यच केलं. मात्र खर्च वाचावा म्हणून छत्रीची वायर जुन्या अँटेनाच्या लाइनला जोडली गेली, आणि सगळ्या तक्रारी तिथून सुरू होतात. ती लाइन बनली होती सिंहगडासाठी. त्या काळच्या वाहिन्यांची वारंवारता जास्तीत जास्त २३० मेगाहर्ट्झपर्यंत जायची. छत्रीवरच्या एलएनबीतून (छत्रीसमोर बसवलेलं, उपग्रहाचा सिग्नल पकडणारं यंत्र) खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतो. जुनी पातळ वायर आणि प्रत्येक मजल्यावरचे ते पत्र्याचे स्प्लिटर (एका वायरचा सिग्नल अनेक घरांत वाटणारे डबे) यासाठी नाहीतच. वारंवारता जितकी वरची, तितकी ती वायरमध्ये लवकर मरते. म्हणून तिसऱ्या मजल्यावर बहुतेक वाहिन्या दिसतात, दुसऱ्यावर निम्म्या, आणि तळमजल्यावर ‘नो सिग्नल’.

अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्राला मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ असतं, तिच्या किंचित खाली गेलं की चौकोन चौकोन होऊन सगळं बंद. मधली पायरी नाही. त्यामुळेच बघणाऱ्याला वाटतं की प्रक्षेपणच बंद झालं.

ही खात्री करायला मी छोटा टीव्ही आणि एक सेट-टॉप बॉक्स गच्चीवर नेऊन छत्रीला थेट जोडला. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य, तर बहुधा छत्रीची दिशा चुकलेली असते. दोन्ही शून्य, तर वायर किंवा एलएनबी. गच्चीवर दोन्ही भरभरून होत्या, सगळ्या वाहिन्या लागल्या. तोच बॉक्स तळमजल्यावर आणला तर दोन्ही शून्य. यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये.

मेकॅनिकने शेजारच्या नव्या अकरा मजली इमारतीला दोष दिला आणि आपण तो मान्य केला. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हाच गैरसमज नोटिशीच्या मुळाशी आहे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. म्हणजे आपली छत्री बऱ्यापैकी डोक्यावरच्या आकाशाकडे बघते. तीस मीटरवरच्या इमारतीला तिची दृष्टी अडवायची असेल तर ती आपल्या गच्चीच्याही वर सुमारे ५० मीटर उंच हवी, सोळा-सतरा मजले. ती इमारत आपल्या गच्चीच्या जेमतेम सात मजले वर आहे. तिचा काही संबंध नाही. धोका आहे तो आपल्या पाण्याच्या टाकीचा : वॉटरप्रूफिंगवाल्यांनी छत्री उचलून टाकीच्या मागच्या बाजूला भिंतीलगत ठेवली तर मात्र खरोखरच काही दिसणार नाही. टाकी तीन मीटर उंच धरली तर दोन मीटर तरी अंतर सोडावं लागेल.

बी विंगमधलं एक कोडंही यातच सुटतं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी रात्री टीव्हीचा मेन स्विच बंद केला की बाकी तीन घरांचं चित्र जातं. यावरून दोनदा शब्दाला शब्द वाढला, ते आपल्या कानावर आलं असेल. काकांचा काही दोष नाही. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच, त्याच वायरमधून, १३ किंवा १८ व्होल्ट अशी मिळते. तिथला स्प्लिटर फक्त एकाच तोंडातून ही वीज वर जाऊ देतो आणि ते तोंड योगायोगाने काकांच्या घराचं आहे. कुणी एकमेकांवर रागावू नये म्हणून तरी हे समितीने नोटीस बोर्डावर लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

पावसाबद्दल एवढंच : धो-धो सर असताना काही मिनिटं चित्र जाणं साहजिक आहे, त्याला कुठलाही इलाज पूर्ण पुरत नाही. पाऊस थांबल्यावरही चित्र परतलं नाही तर कनेक्टरमध्ये पाणी गेलं आहे असं समजावं. तसंच १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्यांच्या जागा बदलतात, तेव्हा बॉक्सवर पुन्हा स्कॅन करायचा. आणि जुन्या एमपीईजी-२ पद्धतीच्या बॉक्सवर एमपीईजी-४ या नव्या पद्धतीतल्या वाहिन्या दिसत नाहीत, तो बॉक्स बदलावा लागतो. या तीन गोष्टींसाठी मेकॅनिकला पैसे देण्याची गरज नाही.

‘केबल घ्या, वायफाय घ्या’ हे उत्तर सभेत मिळालं. ज्यांना परवडतं त्यांनी घेतलंच आहे. पण वॉचमनच्या कुटुंबाला, पेन्शनवर राहणाऱ्या तळमजल्यावरच्या आजींना महिन्याचं नवं बिल का लावायचं? सातच्या बातम्या हा आजींच्या दिवसातला मोठा भाग आहे, आणि तो आपल्या जिन्यातल्या कुजक्या वायरमुळे बंद पडला आहे. शिवाय पावसाळ्यात रस्ता खोदला की केबल आणि इंटरनेट एकदमच जातात. छत्री तेव्हाही चालू असते.

माझी सूचना अशी. सामाईक छत्रीची सोय राहू द्यावी, फक्त सध्याच्या छत्रीऐवजी ९० सेंटीमीटरची एक छत्री आणि तिला आठ तोंडांचा ऑक्टो एलएनबी बसवावा. प्रत्येक तोंडातून एका घराला स्वतंत्र आरजी-६ (डिशसाठीची जाड) वायर जाईल, मध्ये स्प्लिटर नाही. आठांहून जास्त घरं तयार झाली तर जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात मल्टिस्विच (एका छत्रीचा सिग्नल अनेक घरांना स्वतंत्रपणे देणारं, विजेवर चालणारं यंत्र) लागेल आणि त्याला सामाईक मीटरवरून एक प्लग द्यावा लागेल. वायरसाठीचा पाइप संस्थेने टाकावा, कारण तो इमारतीचा भाग होईल. वायर आणि बॉक्सचा खर्च ज्या त्या घराने करावा. छत्रीचा स्टँड स्लॅबमध्ये बोल्ट मारून नव्हे, काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करावा, म्हणजे नव्या वॉटरप्रूफिंगला भोक पडणार नाही. त्याला अर्थिंगही हवं.

पाइप मात्र वॉटरप्रूफिंगच्या आधीच टाकावा लागेल, नंतर गच्ची फोडणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत ठेकेदाराला छत्रीला हात लावू नये असं लेखी कळवावं. दोन ठिकाणची दरपत्रकं आणून द्यायला मी तयार आहे. आपल्याला किंवा सचिवांना गच्चीवरची चाचणी स्वतः पाहायची असेल तर कुठल्याही संध्याकाळी सांगा, टीव्ही घेऊन वर येतो.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद, बी विंग, तिसरा मजला

प्रत : मा. सचिव