सुरूर फाट्याजवळच्या पंक्चरवाल्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलेल्या रस्त्यावर, वडाखालच्या तुमच्या टपरीपुढे सायकल ढकलत आलेली पुण्याची बाई तुम्हाला बहुधा आठवत नसेल. मला मात्र ती सकाळ आठवली की अजूनही घसा दाटून येतो, आणि एका टायरपायी तो दाटावा याचे हसूही येते. तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी तुम्हाला ओळखत असेल तर त्यांनी ते तुमच्यापर्यंत पोचवावे.

त्या टायरची पूर्वपीठिका मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. शहरातल्या एका चकचकीत दुकानात तो नवा बसवून घेतला होता आणि महिन्याभरातच तो पंक्चर झाला. तिथल्या कारागिराने पंधरा मिनिटे झटापट करून पाहिली आणि मग हा टायर कापूनच काढावा लागेल, असा निर्वाळा दिला. दुसऱ्या दुकानातल्या गृहस्थांनी पेचकस घालून तो एकदाचा उपसला खरा, पण त्या भरात ट्यूबला आणखी दोन भोके पाडली, रिमवर ओरखडे उठवले आणि नव्या ट्यूबचे पैसे माझ्याकडूनच घेतले. मी नीट पाहावे म्हणून जवळ सरकले तेव्हा, ‘मॅडम, हे तुमच्या हातांचे काम नाही, तुम्ही तिकडे बसा,’ असे त्यांनी मला सांगितले. ते काम त्यांच्याही हातांचे नव्हते, हे मी त्या वेळी बोलले नाही; आज बोलते.

त्यामुळे फाटा ओलांडल्यावर पुढच्या चाकातली हवा गेली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. टायर काढायच्या जवळच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मी रस्त्याच्या कडेला बसून मोडल्या, आणि मग चालू लागले.

तुम्ही उसाच्या ट्रॉलीची ट्यूब घेऊन बसला होता. माझे चाक हातात घेऊन अंगठ्याने टायर दाबून पाहिलात आणि काही न बोलता ते उन्हात ठेवलेत. मला वाटले, आणखी एक टाळाटाळ. थंडीने ताठ झालेले रबर उन्हात जरा नरम पडते, हे मला नंतर कळले. ट्रॉलीचे काम हातावेगळे करून तुम्ही चाक मांडीवर घेतलेत आणि दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड आत ढकलत एक पूर्ण फेरा मारलात. मग तुम्ही म्हणालात ते वाक्य मी जसेच्या तसे जपून ठेवले आहे: ‘ह्यात तार हाय ताई, ती ताणत न्हाई. तिला मधल्या खोलात जागा करून द्यायची.’ माझ्या टायरच्या अंगावर २८-६२२ असे आकडे आहेत. त्यातले ६२२ म्हणजे टायरच्या कडेतली तार रिमवर जिथे टेकते त्या जागेचा मिलिमीटरमधला व्यास. रिम मधोमध खोलगट असते. समोरची तार त्या खोलगटात उतरली की तेवढाच ढिलेपणा या बाजूला मिळतो. वॉल्व्हपाशी ट्यूबचे बूड आड येते आणि तार खाली उतरत नाही, म्हणून पट्टी वॉल्व्हच्या बाजूने घालायची आणि ढील समोरून आणायची. दुकानातल्या दोघांनीही सगळा जोर लावला होता तो नेमका उलट्या बाजूने.

घासून गुळगुळीत केलेली एकच पोलादी पट्टी तुम्ही घातलीत आणि टायरची कड बाहेर आली. काम तिथेच संपले होते. तुम्ही मात्र ती कड पुन्हा रिममध्ये बसवलीत, चाक माझ्या मांडीवर ठेवलेत आणि म्हणालात, ‘आता तुमी काडा.’

काका, माझे खरे आभार यापुढच्या क्षणांसाठी आहेत. माझा अंगठा दोनदा घसरला, पट्टी निसटून बोटाला लागली, आणि तुमचे हात आपसूक पुढे आले. तेवढ्यात तुम्ही ते मागे घेतलेत आणि दोन्ही तळवे काखेत दाबून धरलेत, थंडी वाजत असल्यासारखे. सोल्युशनने काळी पडलेली ती बोटे काखेत अशी कोंडलेली मला आजही दिसतात. जे काम तुम्ही एका मिनिटात उरकले असते ते मला चुकतमाकत करू देण्यासाठी तुम्ही स्वतःला आवरून धरले होते. मागे दोन मोटारसायकलवाले खोळंबले होते. त्यांनाही तुम्ही नुसत्या नजरेने थोपवलेत. माझ्या हातातली वस्तू काढून घेणारे मदतनीस मला आयुष्यात पुष्कळ भेटले. घरात भेटले, मी शिकवते त्या शाळेतही भेटले. हात काखेत दाबून बसणारे तुम्हीच. शिक्षिका असून मलाही वर्गात हे क्वचितच साधले आहे, आणि ज्या मुलांच्या हातून मी खडू काढून घेतला त्यांची त्या दिवशी मला आठवण झाली.

तिसऱ्या खेपेला कड ‘टक्’ असा आवाज करून बाहेर आली. तुम्ही ‘जमलं’ एवढेच म्हणालात आणि टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा काढायला लागलात. पंक्चरचे पैसे तुम्ही चोख मोजून घेतलेत, एक रुपयाही सोडला नाहीत, आणि मला ते फार आवडले.

घरी आल्यावर कुतूहलाने वाचले, तेव्हा समजले की १८८८ मध्ये डनलप यांनी आणलेले हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत आणि रस्त्यावर पंक्चर निघाले की स्वाराचे हाल होत. सहज उतरवता येणारा सायकलचा टायर मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये आणला. म्हणजे निघावा याचसाठी बनवलेली ही वस्तू आहे, आणि तरीही तो कापायला निघालेल्या माणसाला मी जवळजवळ होकार दिला होता.

त्यानंतर दोनदा पंक्चर झाले. दोन्ही वेळा तोच टायर मी स्वतः काढला. पहिल्यांदा अर्धा तास लागला, दुसऱ्यांदा बराच कमी. त्यामुळे तुमच्याकडे यायला आता पंक्चरचे निमित्त उरलेले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पसरणी घाट चढायचा बेत आहे. तेव्हा हवा भरलेल्या चाकांनिशीच तुमच्या टपरीपाशी थांबेन आणि या खेपेला आधी नाव विचारेन.

आपली कृतज्ञ,
हिरव्या जाकिटातली ताई