बिग बेंड सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, टेक्सासमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाची आपली सहल मार्गशीर्ष अमावास्येला जोडून आखली आहे. हे उद्यान २०१२ पासून आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ (कृत्रिम प्रकाशापासून जपलेल्या काळोख्या आकाशाचे उद्यान) म्हणून मान्यताप्राप्त असून, चंद्र नसलेल्या रात्री तेथे कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध इतके ठळक दिसतात की शहरातील मुलांना ते आवर्जून दाखवावेत. डोंगर आड नसल्यास मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत अगस्त्य ताराही दिसेल. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अर्धा तास लागतो. म्हणून प्रत्येकाने लाल प्रकाशाची विजेरी आणावी आणि मोबाइल खिशातच ठेवावा.

उद्यान सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचे असून मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. त्यामुळे गाडीची टाकी प्रवेशापूर्वीच भरावी, नकाशा कागदावर घ्यावा आणि दररोज माणशी किमान चार लिटर पाणी सोबत ठेवावे. वाळवंटातील हिवाळी रात्र गोठवणारी असू शकते, याची ज्येष्ठांनी विशेष नोंद घ्यावी.

चिसोस डोंगरात काळी अस्वले आणि पहाडी सिंह आहेत. कोणताही खाद्यपदार्थ, अगदी चिवड्याची पिशवीसुद्धा, तंबूत ठेवू नये, कारण माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला अखेर जीव गमवावा लागू शकतो. अस्वलापासून १०० यार्ड अंतर राखावे.

सांता एलेना घळीतील सुमारे १,५०० फुटी कडे सकाळच्या उन्हात पाहण्यासाठी गाड्या पहाटेच निघतील.