कम्पाइल झाले म्हणजे पोर्टिंग झाले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी आवृत्ती बंद होणार असे जाहीर झाले की ‘नव्या आवृत्तीवर नेऊन टाका, दोन आठवड्यांचे तर काम आहे’ असा निरोप वरून खाली येतो, हे सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या आपल्या वाचकांना नवे नाही. सगळा कोड त्या एकाच भाषेत असेल तर हा अंदाज कधीकधी खराही ठरतो. पण ज्या प्रणालीच्या पोटात सी भाषेत लिहिलेली एक्स्टेन्शन्स आहेत तिथे तो हमखास चुकतो, आणि चुकला आहे हे बऱ्याचदा काम ‘पूर्ण’ झाल्यावर कळते. अशी काही एक्स्टेन्शन्स पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवरून (पायथन २) तिसरीवर (पायथन ३) नेण्याचे, म्हणजे पोर्टिंगचे, काम मी केले आहे, त्यांतल्या चुका निस्तरल्या आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे. जिथे वेग हवा असतो, किंवा आधीपासून असलेली एखादी सी लायब्ररी वापरायची असते, तिथे प्रोग्रॅमर सीमध्ये एक मॉड्यूल लिहितो आणि ते इंटरप्रिटरला जोडतो. हे मॉड्यूल इंटरप्रिटरच्याच मेमरीत वावरते. एखादी वस्तू कोण वापरत आहे याचा हिशेब, म्हणजे रेफरन्स काउंट, त्याला हाताने ठेवावा लागतो. पायथनमध्ये चूक झाली तर कुठल्या ओळीत झाली हे सांगणारा संदेश मिळतो. एक्स्टेन्शनमध्ये चूक झाली तर अख्खा प्रोग्रॅम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही आणि चुकीचे उत्तर देत राहतो.

पायथन ३.० हे ३ डिसेंबर २००८ रोजी आले. २.७ ही जुन्या शाखेतली शेवटची आवृत्ती २०१० मध्ये आली, तिचा पाठिंबा २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०१४ मध्ये २०२० पर्यंत वाढवण्यात आला आणि २.७.१८ या शेवटच्या प्रकाशनानंतर, एप्रिल २०२० मध्ये, ती शाखा बंद झाली. म्हणजे हे स्थलांतर अकरा वर्षांहून अधिक काळ चालले. लोक आळशी होते म्हणून एवढा काळ लागला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. पायथनमधला कोड बदलून देणारे ‘टू-टू-थ्री’ नावाचे साधन भाषेसोबतच मिळत होते, पण सीमधल्या एका ओळीलाही ते हात लावत नव्हते. आकडेमोडीसाठीच्या नमपायसारख्या पायाभूत लायब्ररीला नव्या आवृत्तीवर येण्यासाठी २०१० मधली १.५ ही आवृत्ती उजाडावी लागली, आणि तिच्यावर विसंबणाऱ्यांना तोवर थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

कामाचा एक भाग खरोखर सोपा असतो. मॉड्यूल सुरू करणाऱ्या फंक्शनचे नाव बदलते, पूर्वी ते काहीच परत देत नसे, आता तयार मॉड्यूल परत द्यावे लागते. दोन वेगळे पूर्णांक प्रकार होते त्यांचा एक झाला. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, गुंडाळून ठेवण्याचा जुना प्रकार जाऊन ‘कॅप्सूल’ आली. हे सगळे न बदलल्यास सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कम्पाइलर किंवा त्याचे तुकडे जोडणारा लिंकर अडवतो, नाहीतर मॉड्यूल लोडच होत नाही, त्यामुळे ते राहून जात नाही. दोन आठवड्यांचा अंदाज याच भागाकडे पाहून बांधलेला असतो.

ज्या गोष्टी कम्पाइलर अडवत नाही, खरे काम त्यांच्यात आहे. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइट्सची माळ होती. पायथन ३ मध्ये मजकूर वेगळा आणि बाइट्स वेगळे. जुन्या कोडमध्ये एका फंक्शनने स्ट्रिंगच्या आतल्या मेमरीचा पॉइंटर मिळत असे आणि मूळ स्ट्रिंग जिवंत असेपर्यंत तो सुरक्षित असे. मोजमाप यंत्रांच्या नोंदी वाचणारे आमचे एक एक्स्टेन्शन होते. त्यात चॅनेलचे नाव घेऊन तक्त्यात ते शोधणारे एक छोटे फंक्शन होते. पोर्ट करताना आमच्यापैकी एकाने मजकुराचे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत) बाइट्स करून घेतले, त्यांचा पॉइंटर घेतला आणि मेमरी गळू नये म्हणून पुढच्याच ओळीत ते बाइट्स मोकळे केले. नावाचा शोध त्यानंतर चार ओळींनी सुरू होत होता. कोड वाचताना तो नेटका दिसत होता. कम्पाइलरने एकही वॉर्निंग दिली नाही. सगळ्या टेस्ट पास झाल्या.

तरीही प्रत्यक्ष वापरात चुकीच्या नोंदी का येत होत्या, हे समजायला आम्हाला सहा दिवस लागले. मोकळी केलेली मेमरी लगेच पुसली जात नाही. पायथनचा मेमरी-वाटप करणारा भाग मोकळ्या तुकड्याच्या सुरुवातीला स्वतःची खूण लिहितो, पण पुढे साठवलेली अक्षरे तो तुकडा दुसऱ्या कोणाला दिला जाईपर्यंत जशीच्या तशी राहतात. टेस्टमध्ये एका वेळी एकच नाव शोधले जात होते, त्यामुळे जुनी अक्षरे जागेवरच सापडत. प्रत्यक्ष वापरात फंक्शनला अनेक थ्रेडमधून (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणाऱ्या कामांतून) हाक मारली जाऊ लागली, एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देणारे इंटरप्रिटरचे कुलूप शोध सुरू होण्याआधी आमचा कोड सोडत होता, आणि तेवढ्या अवधीत तो तुकडा दुसऱ्या थ्रेडच्या नावासाठी वापरला गेला. कधीतरी एका चॅनेलऐवजी दुसऱ्याच चॅनेलच्या नोंदी हाती येत होत्या. प्रोग्रॅम कोसळला असता तर आम्ही उपकार मानले असते. आकडे विश्वासार्ह दिसत होते, हीच खरी अडचण होती.

अशा चुका शोधण्याची सोय भाषेतच आहे, आणि ती आम्हाला उशिरा आठवली याचे मला आजही वाईट वाटते. पायथन ३.६ पासून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेले मूल्य) ठरवून मेमरी-वाटप डीबग पद्धतीने चालवता येते. तसे केले की मोकळा केलेला प्रत्येक तुकडा एका ठरावीक बाइटने भरला जातो. ती सोय चालू केल्यावर आमची चूक पहिल्याच टेस्टमध्ये उघडी पडली, कारण नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग आली. दुरुस्ती एका ओळीची होती.

पॉइंटरच्या मालकीमागोमाग लांबीचा प्रश्न येतो. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा आहे, यूटीएफ-८ मध्ये मात्र तो पंधरा बाइट्स घेतो. पायथन २ च्या साध्या स्ट्रिंगला, ती यूटीएफ-८ मध्ये असेल तर, लांबी विचारली की पंधरा हे उत्तर येई. पायथन ३ मध्ये मजकुराला तोच प्रश्न विचारला की पाच हे उत्तर येते. आता सीमध्ये कोणीतरी नावासाठी सोळा बाइट्सची जागा राखून ठेवलेली आहे असे धरा. पंधरा बाइट्स आणि शेवटचा शून्य मिळून ती काठोकाठ भरते. पायथनच्या बाजूने ‘नाव पंधरा अक्षरांच्या आत आहे ना’ एवढीच तपासणी शिल्लक राहिली असेल, तर सहा चिन्हांचे नाव बिनदिक्कत आत शिरते आणि शेजारच्या मेमरीवर लिहिते. रोमन अक्षरांतली नावे घेऊन टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. देवनागरीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आधी दिसायला हवे.

आणखी एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण अनुभवी माणसेही यात फसलेली मी पाहिली आहेत. एक्स्टेन्शनमधल्या नव्या प्रकाराला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यायला हवेत, तर त्या फंक्शन्सचे पत्ते एका स्ट्रक्चरमध्ये ठरलेल्या क्रमाने भरावे लागतात. जुन्या क्रमात चौथी जागा भागाकाराची होती. पायथन ३ मध्ये भागाकाराची ती जुनी जागा काढून टाकली गेली आणि नव्या भागाकाराची जागा खाली बरीच पुढे आहे. त्यामुळे चौथ्या क्रमांकावर आता बाकी काढण्याची क्रिया येते. दोन्ही फंक्शन्सची घडण सारखीच असल्याने, नावे न लिहिता केवळ क्रमाने चार पत्ते भरलेला जुना कोड विनातक्रार कम्पाइल होतो, आणि मग बाकी काढण्यासाठीचे टक्क्याचे चिन्ह वापरले की भागाकार होतो व भागाकाराचे चिन्ह वापरले की ही क्रिया उपलब्ध नाही असा संदेश येतो. प्रत्येक जागेचे नाव लिहून पत्ता भरण्याची सोय सीमध्ये १९९९ च्या मानकापासून आहे. जुना कोड पोर्ट करायला घेण्याआधी एवढा एकच बदल केला तरी हा सापळा टळतो.

ही उदाहरणे मी विस्ताराने दिली ती एकाच कारणासाठी. हे काम नावे बदलण्याचे नाही. प्रत्येक फंक्शनपाशी थांबून येणारी गोष्ट मजकूर आहे की बाइट्स, तिची लांबी कशात मोजलेली आहे, तिच्या मेमरीची मालकी कोणाकडे आहे आणि ती केव्हा सुटते, हे मूळ लेखकाच्या मनातले करार पुन्हा वाचण्याचे हे काम आहे. पुष्कळदा तो लेखक नोकरी सोडून गेलेला असतो आणि करार कुठेही लिहिलेले नसतात. त्यामुळे कोडच्या ओळी मोजून काढलेला अंदाज निरुपयोगी ठरतो. मी अंदाज देतो तेव्हा पायथन आणि सी यांच्यातली सीमारेषा ओलांडणारी फंक्शन्स मोजतो, आणि त्यांपैकी किती फंक्शन्सना टेस्ट आहेत ते पाहतो. ज्यांना नाहीत त्यांच्या टेस्ट जुन्या आवृत्तीवर आधी लिहून घ्याव्यात, असा माझा आग्रह असतो. जुनी आवृत्ती एकदा काढून टाकली की मूळ वागणूक काय होती हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही.

याच संधीत कोड सुंदर करून घेण्याचा मोहही आवरावा. पोर्टिंग आणि फेररचना एकत्र केली की उत्तर बदलले ते कशामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. फेररचना जरूर करावी, पण नंतर. आणि ती करताना सीमा शक्य तितकी बारीक करावी. गणिताचा गाभा शुद्ध सीमध्ये ठेवून पायथनशी बोलणारा भाग सायथन किंवा सीएफएफआय यांसारख्या साधनांकडे सोपवला, तर आवृत्त्यांमधल्या फरकांचा मोठा भार ती साधने उचलतात. पायथन ३.२ पासून उपलब्ध असलेल्या मर्यादित एपीआयमध्ये (इंटरप्रिटरशी बोलण्याच्या फंक्शन्सच्या ठरावीक संचात) लिहिलेले मॉड्यूल एकदा बांधले की पुढच्या अनेक आवृत्त्यांवर तसेच चालते. वेगाच्या दृष्टीने त्याची थोडी किंमत मोजावी लागते, पण ज्या चमूत हे काम पाहणारा एकच माणूस आहे तिथे ती मोजावी, असे माझे मत आहे.

एकदा पायथन ३ वर पोहोचलो की सुटलो, असे मानणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. ३.९ पासून दरवर्षी एक नवी आवृत्ती येते, आणि २०२३ च्या ३.१२ मधून एक्स्टेन्शन्स बांधण्यासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे डिस्टयुटिल्स हे मॉड्यूलच काढून टाकण्यात आले. दुसरी गोष्ट याहून खोल आहे. २०२४ मधल्या ३.१३ सोबत इंटरप्रिटरच्या त्या जागतिक कुलपाशिवाय चालणारी वेगळी बिल्ड, म्हणजे बांधणी, प्रायोगिक स्वरूपात आली, आणि २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, या भरवशावर असंख्य एक्स्टेन्शन्सनी सगळ्या थ्रेडना सामायिक अशा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये आपली स्थिती ठेवलेली आहे. कुलपाविना चालायला तयार आहोत असे एक्स्टेन्शनने जाहीर केले नाही, तर ती बिल्ड सूचना देऊन कुलूप पुन्हा लावते, ही मोठी सोय आहे. पण ‘तयार आहोत’ असे जाहीर करण्यासाठी एकच ओळ लिहावी लागते, आणि ती ओळ घाईने लिहिली जाईल अशी मला धास्ती वाटते.

म्हणून ज्यांच्या हाती वेळापत्रक आणि अंदाजपत्रक आहे अशा आपल्या वाचकांना माझी विनंती आहे. पोर्टिंगच्या पहिल्या बैठकीत तारीख मागण्याआधी सीमेवरच्या फंक्शन्सची यादी मागा. डीबग पद्धतीने चालवलेल्या टेस्टचा निकाल काम स्वीकारण्याच्या अटींमध्ये घाला. आणि हे काम ज्याने केले त्याला ते लिहून ठेवण्यासाठी वेगळे दिवस द्या. आमच्या त्या एक्स्टेन्शनमध्ये आता प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर दोन ओळींची टीप आहे: काय येते, मजकूर की बाइट्स, आणि मोकळे कोणी करायचे. चॅनेल शोधणाऱ्या फंक्शनवरची टीप मात्र सात ओळींची आहे, कारण त्या सहा दिवसांत काय घडले तेही आम्ही तिथेच लिहून ठेवले आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, सॉफ्टवेअर अभियंता