चिमणीचा डोळा

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलते आणि बाबा फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

दोन गोष्टी ठरवल्या आहेत. ठरवून झाल्यात, आणि तुम्हाला आधी विचारलं नाही हे मला चार दिवस टोचतंय. पहिली, आईच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे, आषाढीनंतरचा गुरुवार. दुसरी, मी नोकरीचा राजीनामा दिला. ३० जून हा ऑफिसातला शेवटचा दिवस. त्यानंतर बटवे, तोरणं, रुखवत, ओटीच्या पिशव्या, हे सगळं मी बघणार. पूर्णवेळ.

आई, घाबरू नकोस. तुझ्या डोळ्यांमुळे मी नोकरी सोडली असं अजिबात मनात आणू नकोस. दोन्ही एकाच महिन्यात आलं, एवढंच. (थोडं तुझ्यामुळेही आहे. पण ते दुःख म्हणून नाही.)

आता जे सांगते ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं. फाल्गुनात तू १२० बटवे पाठवलेस. त्यातल्या ४३ हिरव्या बटव्यांना तू निळ्या रिळाने शिवण मारली होतीस. मी तीन रात्री बसून ती उसवली आणि हिरव्या रिळाने पुन्हा घातली. गिऱ्हाइकाला माल वेळेवर गेला, कुणी काही बोललं नाही. तुला सांगितलं असतं तर तू ट्यूबलाइटला दोष दिला असतास आणि रात्रभर जागली असतीस. नंतर आपल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, त्यातून निळा रंग मंद होतो, निळं-हिरवं, निळं-काळं यातला फरक कळेनासा होतो. म्हणजे तुझं लक्ष नव्हतं असं नाही, आई. तुला ते रीळ खरंच हिरवं दिसत होतं. हे कळलं तेव्हा मी जिन्यात बसून रडले.

आणि ते तोरण. पाच चिमण्यांचं, मावशीच्या नातीच्या बारशासाठी केलेलं. त्यातल्या मधल्या चिमणीचा डोळा मानेवर आहे. काळा मणी, दोन टाके, नीट पक्का, पण मानेवर. मी ती चिमणी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी करून लावली. काढलेली माझ्या देवघरात आहे. उसवणार नाही मी ती.

तुला आठवतं का, कापायच्या टेबलाखाली कातरणाच्या ढिगावर मी झोपायचे. वर बाबांच्या पायमशीनचा आवाज, आणि तू मला चिमण्यांच्या पोटात कापूस भरायला द्यायचीस, सुईने नाही, विणकामाच्या सुईच्या मागच्या टोकाने. "शेपटीत आधी भर, मग पोटात, चोच शेवटी." डोळे मात्र तू स्वतः लावायचीस. मी हट्ट केला तरी नाही. म्हणायचीस, डोळा चुकला की चिमणी कुठे बघते तेच कळत नाही.

बाबा, तुमच्याशी बोलायला मला जास्त भीती वाटते. तुम्ही मला मशीनवर बसू दिलं नाहीत. बी.कॉम. होईपर्यंत शिवणाला हात लावलात तर बघा, असं आईला आणि मला दोघींना बजावलं होतं. बारा वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि तुम्ही शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलंत. आता ती खुर्ची सोडून मी कात्री घेते आहे, तुमचे कष्ट पाण्यात गेले असं तुम्हाला वाटेल. तसं नाही हो. हिशेब येतो म्हणूनच हे धाडस केलं. हे बघा. आपल्याकडे येतो त्या खणाचा पन्हा ३२ इंच. दहा इंची गोल आडवे तीन बसतात, मीटरमध्ये उभेही तीन. म्हणजे मीटरला नऊ बटवे, आणि उरलेल्या पट्टीत पायपिंग आणि नाड्या निघतात. ५० बटव्यांना पावणेसहा मीटर. नासाडी अगदी थोडी. हे तुम्ही मला खडूने जमिनीवर काढून दाखवलं होतं, मी आठवीत असताना. मग मी शिवण शिकले कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारूच नका.

काम आहे, बाबा. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा तुम्ही कातरणाच्या पोत्यातून पहिल्या कापडी पिशव्या शिवल्या होत्या. लोक तेव्हा दंडाच्या भीतीने घेत होते. आता आवडीने मागतात. लग्नात हळदीकुंकवाला, परतभेटीला, अक्षतांना, सुपारीला. शहरात तर गिफ्टला चकचकीत कागद नको, कापड हवं म्हणतात. आई, तू आहेराची साडी कधी कागदात गुंडाळली नाहीस. चौरस कापडावर तिरकी ठेवायचीस, दोन टोकं आत, दोन टोकांची गाठ, आणि म्हणायचीस कापड वस्तूच्या तिप्पट हवं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नाहीतर गाठ आवळते. ते गाठोडं मी तसंच देते. पाहुणे घरी जाऊन ते कापड देवघरात वापरतात. तुझी गाठ आता पुण्यातल्या चार सोसायट्यांत फिरते आहे, आणि मला ते फार आवडतं.

माझ्या सोसायटीतल्या दोघी मदतीला येतात, एक काज-बटण फार छान करते. कर्ज काढलेलं नाही. तुमच्या एफडीला हात लावणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. लेकाच्या शाळेची फी भरून झाली. हे मी फक्त तुमच्यासाठी लिहिते आहे, तुम्ही विचारणार नाही आणि मनात ठेवाल म्हणून.

ऑपरेशनचं सांगते. आई, थंडीत करू म्हणालीस, पिकू दे म्हणालीस. ते जुन्या पद्धतीचं आहे. आता छोट्या छेदातून गढूळ भिंग बारीक करून काढतात आणि दुसरं बसवतात, बहुतेक वेळा टाकाही नसतो, आणि पिकण्याची वाट बघितली तर उलट अवघड होतं. ऋतूचा संबंध नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, ऑर्डर कमी असतात, हीच वेळ बरी. सगळं ठीक झालं तर महिन्याभराने दुसरा डोळा. तुळशीच्या लग्नाला तुला नवा चष्मा लागलेला असेल आणि मार्गशीर्षातल्या लग्नांचे खण तू रंगासकट बघशील. पण आधी रक्तातली साखर. ती आटोक्यात नसेल तर डॉक्टर पुढे ढकलतील. त्या चहात दीड चमचा साखर घालणं बंद कर, मी बाबांना सांगून ठेवते.

मी कोयना एक्सप्रेसने आदल्या दिवशी येते आणि वीस दिवस राहते. भाकरी मी करीन. ज्वारीची, पातळ, बाबांना हवी तशी. दूधवाल्याला मीच सांगेन. तुझ्या उशाला ड्रॉपचा डबा, घड्याळ आणि वही ठेवीन, कुठला थेंब कधी ते मोठ्या अक्षरात लिहून. डोळा चोळायचा नाही. खाली वाकून कातरण गोळा करायचं नाही, जड बादली उचलायची नाही, डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून आंघोळ नाही. धुराच्या चुलीपाशी जायचं नाही. तुझी वाकळ मी धुऊन उन्हात घातली आहे असं समज, म्हणजे ती तुझ्यासाठी तयार असेल.

बाबा, तुमचा पाय सुजतो हे मला माहीत आहे. मशीनला मोटर लावून घ्या, मी पाठवली आहे, पट्टा बदलायला कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा येईल. नाही म्हणू नका. तुम्ही दुकान बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त शर्ट-पँटच्या मोठ्या ऑर्डर घेऊ नका, आणि दिवसातून एक बटवा माझ्यासाठी कापा. तुमच्यासारखा गोल मला जमत नाही. मी ताटली ठेवून काढते, तुम्ही नुसत्या टेपने काढता.

गुळेदगुड्डहून तुम्ही दादाच्या लग्नाला जो खण आणला होता, रथाची नक्षी असलेला, त्यातला उरलेला तुकडा अजून माझ्या पेटीत आहे. त्याला उभा रेशमी धागा होता, आडवा सुती. तसा आता सहज मिळत नाही. बरंचसं पॉलिएस्टर असतं, हाताला काही लागत नाही. खऱ्या खणाचे धागे निसटतात, म्हणून तुम्ही कापल्याबरोबर कडा दुमडून घ्यायला सांगायचात. मी विसरत नाही. अस्तराचं सुती कापड आधी पाण्यातून काढते, मग कापते. आई, हे तुझं आहे.

मार्गशीर्षातली एक ऑर्डर आली आहे, ३०० बटवे आणि अंतरपाटाची भरतकामाची किनार. मी घेतली. तुला त्यातलं काही करायचं नाही. एवढंच कर, दुपारी अंगणात खुर्ची टाकून बस आणि मला फोनवर सांग की किनारीला कुंकवाचा रंग घेऊ की मरून. मी दोन्ही रिळं कॅमेऱ्यासमोर धरीन. ऑपरेशननंतरच विचारीन, आत्ता नाही.

तुम्हाला राग आला असेल तर या आठवड्यात फोन करू नका, पुढच्या रविवारी करा. पण रागावून जेवण सोडायचं नाही, दोघांनीही. बाबा, आईला औषध जेवणाआधी द्यायचं, नंतर नाही, हे तुम्ही नेहमी विसरता.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, ती चिमणी मी येताना घेऊन येते. डोळा बरा झाल्यावर तूच बघ आणि सांग, आहे तसाच ठेवायचा की हलवायचा.