चि. मनीस, कॅमेऱ्यावरून

लालबाग, बुधवार

चि. मनी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस त्याला आज तीन दिवस झाले. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो. म्हणून लिहिते आहे. नव्या कॅमेऱ्याच्या हप्त्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तू टीव्हीवर ठेवून गेलेलं कोटेशन वाचलं. आधी चष्म्यानं, मग भिंगानं. फुजीचा जीएफएक्स १००एस टू, एक लेन्स, बॅटऱ्या, कार्डं मिळून साडेसात लाख. खाली तुझ्या अक्षरात पेन्सिलीनं '३६ × २५,०००', म्हणजे छत्तीस महिन्यांचे हप्ते. ते खोडून ठेवायचं होतंस गं. तिथंच माझं डोकं फिरलं.

'मीडियम फॉरमॅट' म्हटल्यावर मला आधी वाटलं, बाबांच्या रोलवाल्या यॅशिका कॅमेऱ्याएवढं काहीतरी असेल. तू सांगितलेली मापं कॅलेंडरच्या मागं लिहिली होती. नव्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारी ती चकती, ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर, तुझ्या आत्ताच्याचा ३६ बाय २४. गुणाकार करून पाहिला, पावणेदोनपटीला थोडा कमी भरतो. आणि यॅशिकाची निगेटिव्ह ५६ बाय ५६! म्हणजे तुझा एवढा मोठा सेन्सर त्या निगेटिव्हच्या निम्म्यालाही पुरत नाही. हे रविवारी बोलले असते तर तू हसली असतीस. बोलले भलतंच.

'बापाच्याच वळणावर गेलीस' हे मी बोलायला नको होतं. दादासमोर तर नकोच होतं. ते वाक्य परत घेते. सगळं नाही, अर्धं.

बाबा तो कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचे, आठवतं? त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. नवरदेव डावीकडं सरकला की काचेत उजवीकडं जायचा, आणि नवीन माणूस कॅमेरा भलतीकडंच वळवायचा. बाबांचं कधी चुकलं नाही. एका रोलमध्ये १२ फोटो. आख्खं लग्न चार रोलांत बसवायचे. तुम्ही एका साडीचे ३०० काढता म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसले होते. रोल धुऊन वाळला की माझ्याकडं टचिंगला यायचा. डोळ्याखालच्या सुरकुत्या निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतात, तिथं टोकदार पेन्सिलीनं हलकंसं काळं भरायचं, म्हणजे प्रिंटमध्ये जागा उजळते. जास्त भरलं की बाईच्या डोळ्याखाली कोड उठल्यासारखं दिसतं. संपाच्या वर्षी गिरणीतली माणसं गावाला निघण्याआधी घरच्यांना घेऊन फोटो काढायला यायची. त्या सुरकुत्यांना मी पेन्सिल लावली नाही. बाबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. असो, हे कुठून आलं कोण जाणे.

मुद्द्याचं बोलते. तुझं नेहमीचं काम कॅटलॉगचं. ए-फोरचं पान ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचं तर लांबीला ३५०८ आणि रुंदीला २४८० पिक्सेल लागतात. म्हणजे नव्वद लाखसुद्धा नाहीत. तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यात साडेचार कोटी आहेत आणि नव्यात १० कोटी २० लाख. तेवढ्यात ३९ बाय २९ इंची प्रिंट एकही पिक्सेल न ताणता निघते, मान्य. पण तुझं गिऱ्हाईक फोटो बघतं कुठं? लोकलमध्ये उभं राहून, मोबाइलवर, अंगठ्यानं वर सरकवत. त्याला साडेचार कोटी दिसत नाहीत, दहा कोटी काय दिसणार? त्या जव्हेरी बाजारच्या शेटनं तरी कधी विचारलं का, बेन, किती मेगापिक्सेल? तो विचारतो, रेट किती कमी करणार. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला बँक तुला रेट विचारणार नाही, ती सरळ

बघ. पुन्हा तिथंच आले. उपदेश करायचा नव्हता. तुझ्या धंद्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते मला आवडतं. परवा शेजारच्या वहिनींना मीच सांगत होते की काळा घोड्याच्या गॅलरीनं कॅनव्हासचे फोटो काढायला आमच्या मनीला बोलावलं, तिनं रंग असा पकडला की चित्रकारानं मूळ चित्र आणि प्रिंट शेजारी ठेवून बघितलं. वहिनींना काही कळलं नाही. मला कळलं. त्या कामाला हा कॅमेरा लागेल, हे मी मानते. सोळा बिटचं तू सांगितलेलंही माझ्या लक्षात राहिलं. एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्यांऐवजी ६५,५३६. राखाडी आकाश पांढऱ्यात विरतं तिथं पट्टे पडत नाहीत. पैठणीच्या बारीक विणीवर आत्ताच्या कॅमेऱ्यात लहरी उठतात, त्या नव्यात कमी होतील, हेही पटलं. तासन् तास त्या लहरी पुसत बसतेस, डोळे लाल होतात. ते मी बघते. पण गॅलरीचं काम वर्षातून किती वेळा येतं, हे तू मला सांगितलं नाहीस. मी दोनदा विचारलं.

आणि किंमत. तू म्हणालीस, 'आई, २०१९ मध्ये शंभरवाला पहिला आला तेव्हा अमेरिकेत दहा हजार डॉलर होता, २०२१ मध्ये सहा हजारांवर आला, २०२४ मध्ये हा पाच हजारांना. आता घेणं किती शहाणपणाचं!' मी तेच दुसऱ्या कानानं ऐकलं. वस्तू पाच वर्षांत अर्ध्यावर आली. हप्ता नाही येत अर्ध्यावर.

मिनीलॅब, म्हणजे रोल धुऊन प्रिंट काढणारं ते मशीन, दुकानात आलं तेव्हा तू आठवीत होतीस. दुकानात पडदा लावून पूजा केली होती आणि तू पेढे वाटलेस, तेवढंच तुला आठवत असेल. पहिली दीड वर्षं दारात रांग होती, खोटं नाही बोलत. मग हळूहळू रोल येईनासे झाले. त्या मशीनचं एक होतं, रोज ठरावीक रोल त्यातून गेले नाहीत तर आतलं केमिकल बिघडतं. म्हणजे गिऱ्हाईक नसलं तरी तिला खायला घालायचं. बाबा जुन्या निगेटिव्ह काढून उगाच प्रिंटा मारत बसायचे. तुझ्या बारशाच्या किती कॉप्या आहेत घरात, मोजल्यास? संजूकाका जामीन होता. माझ्या पाटल्या कशात गेल्या ते तुला माहीत आहे. दादाला माहीत नाही, सांगू नकोस. शेवटी भंगारवाल्यानं मशीन उचललं, आणि त्यानंतर आम्ही आणखी १४ हप्ते भरले. मशीन नाही, हप्ता आहे. तेव्हा मी ह्यांना एक शब्द बोलले नाही. तो बहुतेक रविवारी तुझ्यावर निघाला.

बाबा असते तर तुझ्याच बाजूनं बोलले असते. तुला जे.जे.ला प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीभर सांगत होते, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे.जे.च्याच, गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून उभी दिल्ली फिरल्या. फोर्टात एका दुकानाच्या काचेत हॅसलब्लाड कॅमेरा होता, त्याच्यासमोर आम्ही लग्नानंतर कितीतरी वेळा उभे राहिलो असू. दर वेळी तीच गोष्ट. १९६९ मध्ये चंद्रावर हाच नेला होता, आणि वजन नको म्हणून कॅमेरे तिथंच टाकून फक्त फिल्मची मॅगझिनं परत आणली. एकदा मी म्हटलं, त्यांचे हप्त्यावर घेतलेले नसतील. त्यावर हे फूटपाथवर एवढे हसले की आतला शेठ बाहेर आला.

मी 'नको' म्हणत नाही. मी म्हणते, अंधेरीत भाड्यानं मिळतो म्हणालीस ना, तर आधी एक दिवसाचा आण. गॅलरीचं पुढचं काम येईल त्या दिवशी भाडं त्या बिलातच धर. वर्षातून असे किती दिवस येतात ते वहीत लिही, बाबांच्या लाल वहीची शेवटची पानं कोरी आहेत. कॉम्प्युटरचंही विचार, एकेक फाइल १०० ते २०० एमबीची झाली तर तुझं ते जुनं मशीन धापा टाकेल, आणि तो खर्च त्या कोटेशनमध्ये कुठंच नाही.

आणि येताना माझी हिरवी पैठणी, काठाच्या बाजूनं, दोन्ही कॅमेऱ्यांनी काढ. उजेड तोच, लेन्स त्याच मापाची. दोन्हींच्या मोठ्या प्रिंट काढून आण आणि मागं नाव लिहू नकोस. माझ्या हाताला कंप आहे, डोळ्याला नाही. मी भिंग घेऊन बसते. मोराच्या डोळ्यापाशी जरीचा धागा मोडलेला आहे, तो कुठल्या प्रिंटमध्ये सुटा दिसतो ते मला बघायचं आहे. दिसला तर पुढचं बोलू.

तुझी
आई

ता. क. घेतलासच, तर पावसाळ्यात बॅगेत कोंबून ठेवू नकोस. बाबांच्या झूमला बुरशी लागली ती एका जुलैमध्ये. त्यांचं बल्ब लावलेलं लाकडी कपाट माळ्यावर आहे, दादाला सांगून उतरवून ठेवते. सिलिका जेलच्या पुड्याही जमवते आहे, बुटांच्या खोक्यांतल्या. आणि डबा राहिला आहे तुझ्याकडं, स्टीलचा, कडीवाला.