मिस्त्रीकाका, तुमच्या गुण्याचे (काटकोन पाहायच्या पट्टीचे) आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. गिटारसाठी बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवायची लाकडी पेटी, घरच्या घरी, कमी पैशांत करू पाहणारे नागपुरात बरेच आहेत. स्पीकर कोणता, ॲम्प (ॲम्प्लिफायर) कोणता यावर ते तासन् तास बोलतात. पण स्वस्तातलं कॅबिनेट फसतं ते बहुतेक वेळा सुतारकामात, आणि तो भाग तुम्ही आम्हाला शिकवलात.

आपल्या विदर्भात चांगली पेटी म्हटली की सागवानाचा मोह सुटत नाही. तुम्ही तो सोडवलात. साग महाग आणि तेलकट, म्हणून थिनरने पुसल्याशिवाय गोंद नीट धरत नाही. शिवाय भरीव लाकडाची रुंद फळी हंगामाप्रमाणे फुगते-आकसते. पार्टिकल बोर्डालाही तुम्ही हात लावू दिला नाही, तेही बरंच झालं. उन्हाळ्यात इथे प्रत्येक खोलीत कूलर असतो. त्या दमट हवेत पार्टिकल बोर्डाची उघडी कड फुगते आणि एकदा स्क्रू सैल झाला की परत धरत नाही. १८ मिमीचा साधा आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराच्या प्लायचं भारतीय मानक) प्लाय पुरतो, आयएस ७१०च्या मरीन प्लायवर पैसे घालायची गरज नाही. फक्त कड निरखून घ्यायची आणि बोटाने वाजवत जायचं. थरांमध्ये पोकळी असेल तर आवाज बदलतो, आणि तीच पोकळी पुढे गिटारच्या खालच्या सुरांना झिणझिणते.

सगळ्यात मोठे आभार कापणीच्या पद्धतीचे. आम्ही आणलेल्या कागदावर चार फळ्या वेगवेगळ्या मांडल्या होत्या. तुम्ही आठ फुटी शीटमधून २९० मिमी रुंदीची एकच सलग पट्टी काढायला सांगितलीत. तिच्यातून ५०० मिमीचे दोन तुकडे वर-खाली आणि ४१४ मिमीचे दोन तुकडे बाजूंना. पात्याच्या जाडीचे दर कापामागे ३ मिमी धरले तरी जवळपास ६०० मिमी उरतं. उरलेल्या तुकड्यापेक्षा मोठा फायदा असा की चारही बाजू एकाच कापातून निघाल्यामुळे खोली सगळीकडे तंतोतंत सारखी येते. पेटी डुगडुगत नाही आणि मागच्या पट्ट्या कडांशी सपाट बसतात. बाहेरून माप ५०० × ४५० × २९० मिमी. समोरची फळी, म्हणजे बॅफल, आतल्या ४६४ × ४१४ च्या जागेत ४६० × ४१० ठेवायची. चारही बाजूंचे ते २ मिमी पेटीवर चढवून आत दुमडलेल्या रेक्झिनसाठी लागतात.

जोड साधा बट जॉइंट, म्हणजे खाच न करता एका फळीची कड दुसरीला सपाट टेकवलेली. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात २५ × २५ मिमीची रीप, फेविकॉल एसएच आणि ४० मिमीचे स्क्रू. प्लायच्या कडेत स्क्रू घुसवण्याआधी २.५ मिमीचं भोक पाडलं नाही तर थर फाटतात. शिकंजा (क्लॅम्प) आवळायच्या आधी "पयले कर्ण पाहा, मंग आवळा" हे तुमचं वाक्य आम्ही ड्रिलच्या खोक्यावर लिहून ठेवलंय. या मापाला दोन्ही कर्ण ६७३ मिमीच्या आसपास येतात. ते एकमेकांशी जुळले की काटकोन जुळला. दोन मिमीचा फरक असेल तर लांब कर्णावर शिकंजा लावून ओढायचं, तेही गोंद ओला असतानाच. मे महिन्यात इथे गोंद फार लवकर ओढतो, म्हणून हे काम सकाळीच उरकावं हेही तुमचंच सांगणं.

बॅफलच्या भोकाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. सेलेस्टियनच्या बारा इंची स्पीकरला २८३ मिमी व्यासाचं भोक लागतं आणि बोल्टचं वर्तुळ २९७ मिमीचं असतं. म्हणजे भोकाची कड आणि बोल्टची मध्यरेषा यांत जेमतेम ७ मिमी उरतात. जिगसॉचं (विजेवरच्या हातकरवतीचं) पातं वळणावर कलतं, वरून गोल दिसणारं भोक खालून वाकडं निघतं आणि नेमकी तीच ७ मिमीची कड खाल्ली जाते. तुम्ही राऊटरला (लाकूड कोरायच्या मशीनला) प्लायची पट्टी जोडून मध्यावर खिळा ठोकलात आणि १४१.५ मिमी त्रिज्येवर दर फेरीला ५-६ मिमीच खोल गेलात. खाली टाकाऊ फळी ठेवून मधली चकती दुतर्फी टेपने चिकटवली होती, त्यामुळे शेवटच्या फेरीत ती उसळली नाही. दुसऱ्या कंपनीचा स्पीकर असेल तर छापील आकड्यावर विसंबू नये, स्पीकर हातात घेऊनच माप काढावं.

स्पीकर मागून बसतो, म्हणून लाकडी स्क्रूऐवजी टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा दातेरी नट) आणि बोल्ट. स्पीकर काढ-घाल होणारच, आणि प्लायमधला स्क्रू दोन-तीनदा फिरवला की सैल पडतो. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू पूर्ण आवळली तर स्पीकरची धातूची चौकट पिळवटते आणि आतली कॉइल घासायला लागते.

मागे १२ मिमी प्लायच्या १४० मिमी उंचीच्या दोन पट्ट्या, एक वर, एक खाली. मधे १३४ मिमी मोकळी. डीजेच्या पेट्या मागून बंद असतात, मग ही उघडी का, असं तुम्ही विचारलं होतं. उघड्या पाठीतून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या उलट असतो (पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ओढली जाते), त्यामुळे खोल बास कापला जातो आणि गिटारचा मधला सूर खोलीभर पसरतो. मागच्या पट्ट्या स्क्रूवरच ठेवाव्यात, म्हणजे उघडझाप बदलून पाहता येते.

स्पीकरच्या निवडीत एकच गोष्ट बजावून सांगतो. कारचा वूफर स्वस्त मिळतो म्हणून यात बसवू नये. त्याची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटला किती आवाज निघतो ते माप, बहुधा ९० डेसिबलच्या आत असते, गिटारच्या स्पीकरची ९७ ते १००. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दहापट वॉट. वरचे सूरही दबलेले येतात.

वायरिंग थोडक्यात: १.५ चौरस मिमीची दोन तारांची साधी वायर, गिटारची शील्डवाली केबल अजिबात नाही. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर ६ ते ७ दाखवतो, त्यात दोष नाही. ट्यूब ॲम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

रेक्झिन सीट-कव्हरवाल्यांकडचं चालतं. चिकटवण्याआधी कडा गोल करून, स्क्रूंच्या डोक्यांवर लांबी (पुट्टी) भरून घासून घ्यावं, नाहीतर प्रत्येक डोकं वर उमटतं. रबरी गोंद दोन्हीकडे लावून हाताला चिकटेनासा झाल्यावरच दाबावा. जोड तळाशी घ्यावा.

काका, मजुरी तुम्ही एका पेटीची घेतलीत आणि शिकवलंत त्याचं काहीच घेतलं नाही. दुसऱ्या पेटीची पट्टी आणायला येत्या आठवड्यात येतो. या वेळी कर्ण आम्ही मोजू, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा.

तुमचे कृतज्ञ,
गिटारवाले पोट्टे